तंबूसाठी दोन बांबू

तेव्हा मी लहान होते. बासष्ट वर्षांची असेन. आता सत्तरीला टेकल्यावर मागं वळून त्या पोरीकडं बघते, तर तिचे कान उपटावेसे वाटतात. जगातलं सगळं आपल्याला येतं असा तिचा ठाम समज होता. धारा काढता येतात, कांद्याची रोपं लावता येतात, चाळीस माणसांच्या भाकरी एकटीनं थापता येतात, मग तंबू ठोकायला काय लागतं? कापड आणि काड्या!

तंबूचं खूळ मात्र माझं नव्हे, आमच्या मालकांचं. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणायची रीत आहे. कशाचे मालक, ते कुणी विचारत नाही. मालकांचा जन्म पालात झालेला. सासरची माणसं तेव्हा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायची, मुक्काम पडेल तिथं चार काठ्यांवर कापड टाकून पाल ठोकायची. मालक चालायला लागले न लागले तोच सासऱ्यांनी मेंढरं विकली, भीमेच्या काठाला जमीन घेतली आणि सगळे शेतकरी झाले. म्हणजे पालातलं मालकांना काही आठवायचं कारण नव्हतं. पण वय वाढत गेलं तसं त्यांना जास्त जास्त आठवायला लागलं.

"मरायच्या आधी एकदा पालात निजायचं हाय."

हे 'मरायच्या आधी' मी त्यांच्या चाळिशीपासून ऐकत होते. मरायच्या आधी विमान जवळून बघायचं, म्हणून पुण्याला जाऊन विमानतळाच्या कुंपणाबाहेर दिवसभर उभे राहून आले. मरायच्या आधी पनीर खाऊन बघायचं. खाल्लं, आणि म्हणाले, "न खाता मेलो असतो तरी चाललं असतं." त्यामुळं पालाचंही मी मनावर घेतलं नव्हतं.

पण त्या साली त्यांच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या. दवाखान्यातून आल्यापासून घरात त्यांना काचेच्या बरणीसारखं इकडून उचलून तिकडं ठेवत होते. रानात जायचं नाही, मीठ खायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही. ते बिचारे ओट्यावर बसून उसाचे ट्रॅक्टर जाताना बघत. एका सकाळी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "पालात निजावं वाटतंय."

मरायच्या आधी, हे दोन शब्द त्यात नव्हते. एवढीच गोष्ट. पण मी तिथंच ठरवलं. म्हटलं, आता ह्या माणसाला एक रात्र पालात निजवायचं म्हणजे निजवायचंच.

मुलगा शिक्रापूरला कंपनीत सुपरवायझर. तिथंच खोली घेऊन राहतो. मनानं लोणी आहे, पण कामाच्या सवयीमुळं आईबापाशीही शिफ्टमधल्या कामगारांशी बोलावं तसं बोलतो. त्यानं मोबाईलवरून तंबू मागवून दिला आणि फोनवर अट घातली.

"आई, संध्याकाळपर्यंत तंबू नीट उभा राहिला तरच आप्पांना तिथं राहू द्यायचं. मला फोटो पायजे. न्हाई राहिला, तर मी शिफ्ट सुटली की गाडी घेऊन येतो आन् त्यांना घरी नेतो. उघड्यावर न्हाई झोपायचं. उसात बिबट्या फिरतोय."

तंबूला चेन होती. बिबट्याला चेन उघडता येत नाही, यावर माझ्या सुपरवायझर मुलाचा विश्वास होता. मी हो म्हणाले. संध्याकाळ व्हायला अख्खा दिवस पडला होता, आणि मी बासष्ट वर्षांची होते.

आमचं रान नदीला लागून. अलीकडं शिरूर तालुका, पलीकडं दौंड. मधल्या पुलावरून दोन्हीकडची माणसं दिवसभर ये-जा करतात. कांदा निघून रान मोकळं झालं होतं. चिंचेच्या झाडाखाली, मोटरीच्या खोलीशेजारी आम्ही जागा धरली. तिथून हाकेच्या अंतरावर गावाचा घाट, आणि घाटाला लागून स्मशान. जागा निवडताना ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. जन्मभर जे डोळ्यापुढं असतं ते दिसत नाही.

पिशवी उघडली. निळं कापड निघालं आणि काळ्या काड्यांच्या दोन जुड्या. काड्या पोकळ, आणि आतून रबराची दोरी ओवलेली. मी म्हटलं, कंपनीवाले हुशार. काड्या वाटेत हरवू नयेत म्हणून ओवून पाठवल्यात. विळ्यानं एका जुडीची गाठ कापली आणि दोरी ओढायला लागले.

मालक म्हणाले, "अगं, ते आतलं लागत असंल. राहू दे."

"तुम्ही गप बसा. छातीला ताण देऊ नका."

त्या वर्षी घरातला प्रत्येक वाद मी ह्याच वाक्यावर जिंकत होते.

दोरी हातभर ओढली आणि तिचं दुसरं टोक आत कुठंतरी सुटलं. असं सण्णकन येऊन मनगटावर बसलं की डाव्या हातातल्या सगळ्या बांगड्या फुटल्या. मी रक्त पुसलं आणि दोरीची घडी केली. इलॅस्टिक मोठं भारी होतं. परकराला होईल म्हणून कमरेला खोचून ठेवलं. मग काड्या एकीत एक बसवायला गेले, तर एक बसवली की दुसरी निघे, दुसरी बसवली की पहिली. पोरं वर्गात खाली बसत नाहीत तसं. तेव्हा कळलं, ती दोरी कशासाठी होती.

"दुसरी जुडी तरी—" मालक बोलायला लागले.

"ताण!" मी म्हटलं.

दुसऱ्या जुडीला मी कापलं नाही. ती जोडली तर अशी लांबसडक, लवलवती काठी झाली. आता ती मजबूत आहे की नाही, हे बघायला नको? वर चिंचा लटकत होत्या. मी दिली ठेवून. पहिल्या फटक्याला चिंचा पडल्या, दुसऱ्या फटक्याला काठी दोन ठिकाणी चिरली. चिंचा मात्र गोड होत्या. मालकांनी दोन खाल्ल्या आणि चिंचोके मोडक्या काठीशेजारी नीट मांडून ठेवले. ते मला त्या दिवशी फार लागलं.

पण हार मानेल तर ती कसली. शेजारी भावकीचा ऊस उभा होता. दोन ताठ ऊस उपसले, शेंड्याचा पाला तसाच ठेवला, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी चिरलेल्या काठीला बांधले. तंबू उभा राहिला! हिरवागार, तुळशीच्या लग्नातल्या मांडवासारखा. मी लांब जाऊन कौतुकानं बघत होते, तेवढ्यात मागून आमची म्हैस आली. तिनं दावं कधी तोडलं कुणास ठाऊक. तिनं डावीकडनं सुरुवात केली, म्हणून तंबू डावीकडं कलला. मी तिला हाकलायला गेले, तर ती वळसा घालून उजवीकडं गेली. मग तंबू सरळ खाली आला.

मग ठिबकची नळी. चिरलेल्या काड्या नळीत घातल्या, वरून आणखी नळी. ते जमलं. फक्त वाऱ्याची झुळूक आली की तंबू कमरेतून वाकून नमस्कार करी. मालकही उलटा नमस्कार करत होते, तेवढीच करमणूक. पण ऊन चढलं तशी नळी ढिली पडली, तंबू वाकला तो वाकलाच, आणि काडीच्या तुटक्या टोकानं कापड टराटरा फाडलं.

आता माझ्याकडं एकच उपाय होता. बांबू.

"तुम्ही हितंच बसा. मी गावात जाऊन बांबू घेऊन येते."

मालक म्हणाले, "मी कापडाखालीच पडतो. वारा सुटलाय. वजन नसंल तर कापड नदीत जाईल."

आणि ते निळ्या कापडाखाली शिरून आडवे झाले. दुपारच्या गोळीनं त्यांना झोप येतेच. मालक उंच, कापड लहान. दोन्ही पावलं बाहेर राहिली.

मी गावात निघाले ती अशी: कपाळावरचं कुंकू घामानं आणि पदरानं पार पुसून गेलेलं, डावं मनगट मोकळं आणि खरचटलेलं, केस सुटलेले, डोळे उन्हानं लाल. आणि चालले होते आमच्या गावातल्या त्या दुकानात, जिथं बांबू, सुतळी, मडकं आणि मांजरपाट एका ठिकाणी मिळतं. हे चारही जिन्नस एकत्र का ठेवत असतील, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता.

"दोन बांबू द्या. सरळ बघून द्या. सुतळीचा एक गुंडा. आन् पांढरं मांजरपाट दोन वार."

कापड तंबूला ठिगळ लावायला. मग मला आठवलं, मालकांना पालात माठाचं पाणी प्यायचंय.

"आन् एक मडकं."

दुकानदार हातातलं काम टाकून उभाच राहिला. आधी माझ्या कपाळाकडं बघितलं, मग मनगटाकडं.

"मावशी, तुम्ही सोता कशाला आलात? निरोप धाडायचा. कुणीबी आलं असतं."

"निरोप कशाला? तंबू मोडलाय आमचा. नदीकाठी तंबू ठोकतोय, त्याला पायजेत."

"व्हय मावशी." तापानं बरळणाऱ्या लेकराशी बोलावं तसं तो बोलला. "तंबूलाच. बसा तुम्ही. पाणी घ्या."

"अहो खरंच तंबूला!"

"खरंच की. कोण न्हाई म्हणतंय."

मी मडकं उचलून टिचकी मारली. "हे गळकं न्हाई ना? पाणी गार राहिलं पायजे. आन् बांबू चांगले टिकाऊ द्या. वर्षभर तरी टिकायला हवेत."

तो पाठमोरा झाला आणि उपरण्यानं डोळे पुसायला लागला. पैसे द्यायला गेले, तर हात जोडले. म्हणाला, "ते मागनं. सामान मी टेंपोनं पोच करतो. तुम्ही घरी जाऊन जरा टेका." मी मनात म्हटलं, माणूस किती भला! तंबूचं सामान म्हटल्यावर पैसेसुद्धा घेईना.

घरी गेले. गुन्हेगार म्हैस माझ्या आधी येऊन गोठ्यात उभी होती. तिची धार काढली, चहासाखर पदरात बांधली, दुधाची चरवी घेतली आणि परत नदीकडं निघाले. वाटेत पिठाची गिरणी बंद. किराणा बंद. थोरल्या जाऊबाईंच्या घराला कुलूप. पारावर कुत्रं नाही. मला वाटलं, न्हावऱ्याला बाजार असेल. आज बाजाराचा वार नाही, हे माहीत असूनही वाटलं. आपल्याला सोयीचं ते वाटून घ्यायला वयाची अट नसते.

कांद्याच्या रानाला वळले आणि थबकले.

चिंचेखाली सगळं गाव. बांधाला मोटरसायकलींची रांग. पुलावरून दौंडकडची माणसंही उतरत होती. पांढऱ्या टोप्या मान खाली घालून उभ्या. बायका गोल करून बसलेल्या. मधोमध निळं कापड, आणि कापडाबाहेर दोन पावलं. शेजारी टेंपोतून उतरवलेले माझे बांबू, सुतळी, मडकं, मांजरपाट.

आणि थोरल्या जाऊबाई! त्यांनी आयुष्यभर मालकांशी बांधावरून भांडण केलं. त्या छाती पिटून सांगत होत्या, "भावजीनं कधी कुणाचं इतभर घेतलं न्हाई गं! देवमाणूस गं! माझ्या पाठच्या भावासारखं गं!"

आता कुठलंही शहाणं माणूस काय म्हणालं असतं? 'हे बांबू मी आणलेत, पावलं मीच बाहेर ठेवून गेलेय, हा सगळा घोटाळा झालाय.' पण मी शहाणी नव्हते, मी ती बासष्ट वर्षांची होते. मला वाटलं, मी गावात गेले, तेवढ्यात काहीतरी झालं. मी म्हशीची धार काढत बसले आणि इकडं हे गेले. सगळ्या गावाला कळलं आणि मलाच शेवटी कळलं. दुधाची चरवी हातातून पडली. आणि मग मी असा हंबरडा फोडला, की पलीकडच्या काठावरच्या शेळ्या पळाल्या.

"अहो, थांबायचं तरी होतं! तुमच्यासाठी बांबू आणायला गेले होते ना मी!"

हे ऐकून सगळ्या बायका नव्यानं रडायला लागल्या.

"एक फोटोसुद्धा काढू दिला न्हाई! त्या म्हशीनं खाल्लं नसतं तर उभा राहिला असता हो!"

कुणाला काही कळलं नाही, पण दुःखात माणूस काहीही बोलतं म्हणून कुणी मनावरही घेतलं नाही. दोघीतिघींनी मला धरून बसवलं. जाऊबाई माझ्या गळ्यात पडल्या. त्यांचे अश्रू माझ्या मानेवर गरम गरम पडत होते, आणि मी त्यांना 'बांध सरकवला तुम्ही, तो परत द्या' असं म्हणणार होते, पण तेवढ्यात पुढारी उभे राहिले.

आमच्याकडं माणूस गेलं की पुढारी आधी पोचतात, नातेवाईक मागून. शिरूरकडचे एक आले होते, दौंडकडचे एक. शिरूरकर म्हणाले, "आप्पांच्या जाण्यानं शिरूर तालुक्याची कधीही भरून न येणारी हानी झाली आहे." दौंडकरांनी घसा खाकरला. तेव्हा शिरूरकरांनी दुरुस्ती केली, "दोन्ही तालुक्यांची." मग सगळ्या मंडळींवरून नजर फिरवून म्हणाले, "आप्पांची आठवण म्हणून ह्या घाटावर आम्ही पत्र्याची शेड बांधून देऊ, हा शब्द देतो."

निळ्या कापडाखालून आवाज आला.

"मागच्या मयतीला पण हेच बोललता."

भाषणात असं मधे बोलणारा गावात एकच माणूस होता, आणि तो कापडाखाली होता. मग कापड उठून बसलं. डोक्यापासून पायापर्यंत निळं, चेन मधोमध. त्यानंतर जे झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण सगळे एकदम वेगवेगळ्या दिशांना गेले. शिरूरचे पुढारी गुडघाभर पाण्यात सापडले. टेंपोवाला टेंपोत बसून काचा वर करत होता. जाऊबाई माझ्या मांडीवर आडव्या झाल्या त्या तशाच.

कापडातून मालकांचं डोकं बाहेर आलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"चहा आणला का?"

मी जाऊन आधी त्यांच्या खांद्यावर एक चापट मारली. मग पायावर डोकं ठेवलं. मग उठून परत एक चापट मारली. छातीला ताण वगैरे त्या वेळी काही आठवलं नाही.

"जागे होता तर उठायचं न्हाई व्हय?"

"वैनी बोलायला लागल्या तवाच जाग आली," मालक म्हणाले. "पण पहिल्यांदाच कुणीतरी माझं चांगलं बोलत हुतं. म्हटलं, पुरतं ऐकू तरी."

जाऊबाई ताडकन उठून बसल्या. "मी सगळं परत घेते!"

"आता कसं परत घेता? सारं गाव ऐकत हुतं. इतभर घेतलं न्हाई म्हणालात. मग बांधाचं भांडण मिटलं."

बांध खरोखर त्या दिवशी मिटला. कोर्टात जे झालं नसतं ते झालं.

माणसं हळूहळू परत गोळा झाली. हसत कुणी नव्हतं. सगळ्यांना राग आला होता. कामधंदा सोडून यायचं, आणि माणूस चहा मागतोय! तेव्हा मी पदर खोचून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पालात निजायचं कसं मनात आलं, मुलानं अट काय घातली, काड्या कशा मोडल्या, आणि आता ऊन उतरायला लागलंय, मुलगा येऊन ह्यांना घरी नेईल. शेवटचं वाक्य दोनदा सांगावं लागलं. मघाशी रडून रडून घसा बसला होता, त्यानं असेल.

एक म्हातारा पुढं आला. गावातल्या सगळ्या तिरड्या तोच बांधतो, आणि तसं मोठ्या तोऱ्यात सांगतो. म्हणाला, "आलोच हाय, बांबू हाय, सुतळी हाय. बाजूला व्हा." त्यानं बांबू मोजून कापले, आडवे टाकले, आणि भराभरा गाठी मारल्या. दौंडकडच्या एकानं सांगितलं, आमच्याकडं गाठ अशी मारत नाहीत, दुहेरी मारतात. शिरूरकर म्हणाले, तुमच्याकडची माणसं जड असतात. त्यावरून बराच वेळ गेला. शेवटी काम पुरं झालं आणि सगळ्यांनी मागं होऊन बघितलं. दोन लांब बांबू समांतर, मधे आडव्या पट्ट्या, वर मांजरपाट अंथरलेलं. हाताला जी सवय तेच हातांनी केलं होतं. एवढंच नाही, चार जण सवयीनं चार कोपऱ्यांना जाऊन उभेही राहिले.

मालक म्हणाले, "मला आत निजायचंय. वर न्हाई."

सगळं सोडून पुन्हा बांधलं. ह्या खेपेला दोन बांबू उभे गाडले, ठिबकची नळी आडवी ताणली, वर निळं कापड, फाटलं तिथं मांजरपाटाचं ठिगळ. जाऊबाईंनी दात ओठ खात टाके घातले. ताण कमी पडत होता, तेव्हा मी कमरेचं इलॅस्टिक काढून दिलं. परकराचा विचार सोडावा लागला. उभं राहिलं ते ना धड तंबू, ना पाल. ग्रामसभेच्या मांडवासारखं काहीतरी. पण उभं राहिलं.

तोवर दुसरा प्रश्न निघाला. मयतीला आलो म्हणजे आंघोळ केल्याशिवाय घरात जाता येत नाही. पण मयत झालंच नाही, तर आंघोळ लागते का? शिरूरकडचे म्हणाले, रडलो म्हणजे लागते. दौंडकडचे म्हणाले, माणूस जिवंत असेल तर कशाची आंघोळ. मालक म्हणाले, "मी तर कशालाबी तयार हाय." मग अर्ध्यांनी नदीत बुडी मारली आणि अर्धे काठावर बसून त्यांना हसले.

एवढ्यात भावकीच्या सुना डोक्यावर पाट्या घेऊन आल्या. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून भावकी पिठलंभाकरी करून आणते. त्यांना मधलं काही कळलं नव्हतं. त्या मान खाली घालून पाट्या ठेवायला लागल्या आणि पहिलं ताट मालकांनीच पुढं केलं. नशीब, पाटी सुनेच्या हातातून सुटली ती जाऊबाईंनी झेलली. सगळे पंगत करून बसले. स्वतःच्या मयतीचं पिठलं खाल्लेला तालुक्यात दुसरा कुणी असेल असं मला वाटत नाही.

आणि तेव्हा बांधावर गाडी थांबली.

माझा फोन मोटरीच्या खोलीत राहिला होता. मुलाला निम्म्या गावानं फोन केले होते, आणि आमच्याकडं असलं काही फोनवर सांगत नाहीत, नुसतं 'लवकर ये' म्हणतात. 'लवकर ये' म्हटलं की कळायचं ते कळतं. शिक्रापूरच्या ट्रकांच्या गर्दीतून तो कसा आला असेल ते त्यालाच माहीत. अंगात कंपनीचा शर्ट, पायात ते जड बूट, ढेकळांतून पळत आला. पुढं बघतो तर बाप पंगतीत मधोमध.

मालकांनी ताट पटकन पाठीमागं लपवलं. "मीठ कमी हाय ह्यात."

मुलगा मटकन खाली बसला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. पंगतीतले सगळे भाकरीकडं बघत राहिले. मग त्यानं डोळे पुसले, उठला, आणि सुपरवायझर झाला.

"चला. आत्ताच्या आत्ता घरी चला."

मालकांनी वाद घातला नाही. नुसतं त्या तंबूकडं बघितलं, आणि उठायला लागले. त्यांनी मरायच्या आधी वगैरे काही म्हटलं असतं तर मला चाललं असतं. ते काही म्हणालेच नाहीत.

मी मधे गेले. "तू बोललास, तंबू उभा राहिला तर राहू देणार. हा बघ उभा हाय."

"आई, हा तंबू हाय?"

"तपासून बघ. तुझं कामच हाय ते."

त्यानं रागारागानं एक बांबू धरून हलवला. हलला नाही. दुसरा हलवला. सगळं गाव हातात घास धरून बघत होतं. तिरडी बांधणारा म्हातारा म्हणाला, "माझी गाठ आजपतोर वाटंत कुणाची सुटली न्हाई." मुलानं नळी दाबून बघितली, ठिगळ ओढून बघितलं, चेन खालीवर केली. मग बूट काढले, आतून बघायला म्हणून वाकून आत शिरला, आणि बाहेर आलाच नाही.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "आप्पा, या. जागा हाय."

तंबू दोघांचा. आत बाप आणि लेक, बाहेर चार पावलं. दिवसभर खपले मी, आणि मला जागा नाही. मी जाऊबाईंबरोबर मोटरीच्या खोलीत, दाराला दगड लावून निजले. बिबट्याला चेन उघडता येत नाही, दगड ढकलता येतो की नाही ते मुलानं सांगितलं नव्हतं.

सकाळी मालक बाहेर आले ते कंबर धरून.

"कसं वाटलं पालात?"

"पाठ मोडली. पोरगं किती घोरतं!" असं म्हणाले, आणि नदीकडं तोंड करून मडक्यातलं पाणी प्यायले. पुढं आठवडाभर ज्याला त्याला तेच सांगत होते: पोरगं किती घोरतं.

बांबू परत करायला गेले, तर दुकानदार घेईना. असलं सामान एकदा नेलं की परत घेत नाहीत. घरात न्यायला जाऊबाई देईनात. मालक म्हणाले, "राहू दे रानातच. लागतीलच कवातरी."

मी त्याच दिवशी दोन्ही बांबू मोटरीच्या खोलीमागं घट्ट गाडले आणि बुडाशी घेवडा लावला. पावसाळ्यात वेल वर चढला, शेंगांनी भरला. दर साली बी धरते, दर साली तिथंच लावते. बुडाशी एक बांबू कुजायला लागला, तेव्हा त्याला ठिबकची नळी घालून मीच दुरुस्त केला. आता मला जमतं. टिकाऊ द्या, वर्षभर तरी टिकायला हवेत, असं मी तेव्हा दुकानात बजावलं होतं.

मालकांचं तोंड मात्र बंद झालेलं नाही. परवाच मोटरीच्या खोलीपाशी बसून म्हणाले, "मरायच्या आधी एकदा समुद्रात नावेत बसायचं हाय." हे दोन शब्द परत आल्याचं ऐकून मला बरं वाटलं. मग वेलाकडं बघून म्हणाले, "ते बांबू चांगले राहिलेत की गं अजून. लागले तर—"

"रिकामे न्हाईत," मी म्हटलं, आणि शेंगा तोडायला गेले.